कुडा कसा ओळखावा?

चैत्र सरत आला कीं रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवर कुड्याला बहर येतो. जांभ्या दगडाच्या भेगांतून वाढलेलीं हीं खुजीं झाडें वर्षांतील बराच काळ कोणाच्या नजरेंत भरत नाहींत. पण वैशाखाच्या उन्हांत कोवळ्या पालवीबरोबर पांढऱ्या सुवासिक फुलांचे झुबके आले म्हणजे वाटसरूचे पाय क्षणभर थबकतात. कालिदासाच्या मेघदूतांतील यक्षानें रामगिरीवर मेघाला जें अर्घ्य दिलें, तें ह्याच कुटजाच्या ताज्या फुलांचें होतें. रामगिरि म्हणजे नागपूरजवळचें रामटेक, असें पुष्कळ विद्वान् मानतात. आमच्या कोंकणांत मात्र कुड्याचा संबंध काव्यापेक्षां स्वयंपाकघराशीं अधिक. त्याच्या फुलांची भाजी होते, कोवळ्या शेंगांची भाजी होते, आणि पोट बिघडलें म्हणजे आजीबाई त्याच्या सालीचा काढा करितात.

गेल्या वर्षीं शास्त्राच्या तासाला आम्हीं विद्यार्थ्यांस घरगुती औषधाची एकेक वनस्पति आणावयास सांगितली होती. दोघां मुलांनीं कुड्याची साल व फांदी आणली. एकानें पावसच्या बाजूची, दुसऱ्यानें हातखंब्याच्या बाजूची. दोघेही म्हणाले, "हा कुडा. आमच्या घरीं ह्याचाच काढा देतात." फांद्या टेबलावर शेजारीं शेजारीं ठेविल्या, तेव्हां सर्व वर्गाला दिसून आलें कीं, हीं दोन झाडें एक नव्हेत. एका फांदीचीं पानें वीतभर लांब व रुंद. दुसरीचीं त्याहून पुष्कळ लहान व निमुळतीं. मग औषध कोणतें? दोन्ही, कीं दोहोंपैकीं एक? हा प्रश्न त्या तासाला सुटला नाहीं. तो सोडवितांना आम्ही जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवावें एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. कुड्याचा काढा रक्ती आंव व अतिसार ह्यांवर देतात. हा रोग लहान मुलांस झाला म्हणजे एकेक तास मोलाचा असतो. अशा वेळीं निरुपयोगी साल उकळीत बसणें म्हणजे रोगाला सवड देणें होय. शिवाय कुडा ज्या कुळांतला आहे, त्याच कुळांत कण्हेरही आहे. आणि कण्हेरीची साल किती घातक असते, हें कोंकणांत कोणास सांगावयास नको. म्हणून 'चीक पांढरा आहे व चव कडू आहे, तेव्हां हें कुड्याचेंच झाड' असें अनुमान कोणीं कधींही करूं नये. आणि अनोळखी साल जिभेवर ठेवून तर मुळींच पाहूं नये.

आतां झाडाकडे वळूं. दोन प्रकारचे कुडे आहेत ही गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. चरकसंहितेच्या कल्पस्थानांत कुटजाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत कुटजाचे पुरुष व स्त्री असे दोन भेद सांगितले आहेत : एकाचें फळ मोठें, फूल पांढरें व पान तुळतुळीत, दुसऱ्याचें फूल काळपट-तांबूस व फळ बारीक. लोकभाषेनेंही हा भेद जतन केला आहे. आपण पांढरा कुडा, काळा कुडा व तांबडा कुडा असे शब्द वापरतों. गांध्याच्या दुकानीं कडू इंद्रजव व गोडे इंद्रजव असे दोन जिन्नस मिळतात. पहिलें पांढऱ्या कुड्याचें बीं, दुसरें काळ्याचें. शब्द जिवंत आहेत. त्यांमागची ओळख मात्र पुसट होत चालली आहे.

ही ओळख पुन्हां पक्की करण्यास सूक्ष्मदर्शकाची जरुरी नाहीं; नीट पाहणारे डोळे पुरेत. पांढऱ्या कुड्याचें फूल घेऊन त्याच्या मुखाशीं पाहावें. पांच पाकळ्यांच्या मधोमध नळीचें साधें तोंड दिसतें. पुंकेसर नळीच्या आंत दडलेले असतात. काळ्या कुड्याच्या फुलांत पाकळ्यांच्या मधोमध पांढऱ्या तंतूंची झालर असते, आणि पुंकेसरांचा शंकु तिच्यांतून बाहेर डोकावतो. शेंगा दोन्हींच्या जोडीनेंच येतात. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा लांब, सडपातळ, आणि टोकांशीं मोकळ्या असतात. काळ्याच्या कोवळ्या शेंगांचीं टोकें मात्र एकमेकींस चिकटलेलीं असतात. शिवाय काळ्या कुड्याचीं पानें वाळतांना काळसर पडतात, कारण त्यांत निळीचें द्रव्य आहे. दक्षिणेंत पूर्वीं ह्या पानांपासून नीळ काढीत असत, आणि त्याच्या शास्त्रीय नांवांतील 'टिंक्टोरिया' हा शब्द रंगाऱ्याच्या धंद्याचाच वाचक आहे. कर्नाटकांतील चन्नपट्टणचीं रंगीत लांकडी खेळणीं पिढ्यान् पिढ्या ह्याच झाडाच्या पांढऱ्या, मऊ लांकडाचीं होत आलीं आहेत. तेव्हां काळा कुडा निरुपयोगी म्हणतां येणार नाहीं. त्याचे उपयोग वेगळे आहेत, एवढेंच.

फूल व शेंग हातीं असतां घोटाळा होत नाहीं; घोटाळा होतो तो वाळलेल्या सालीच्या तुकड्यांत. ह्याच घोटाळ्यानें एका चांगल्या औषधाची अब्रू गेल्याचा इतिहास आहे. अठराव्या शतकांत मलबार किनाऱ्यावरून ही साल युरोपांत जाऊं लागली. तिकडे तिला 'कोनेसी साल' किंवा 'तेल्लिचेरी साल' म्हणत, आणि अतिसारावरील औषध म्हणून तिचा लौकिकही झाला. पण पुढें व्यापारांत काळ्या कुड्याची साल तिच्यांत मिसळूं लागली. वैद्यांस गुण येईना. गुण येईना म्हणून विश्वास उडाला, आणि औषध मागें पडलें. दोष सालीचा नव्हता, ओळखीचा होता.

शास्त्रज्ञांच्या नांवनिशींतही हाच गोंधळ शिरला. लिनीअसनें १७५३ सालीं अतिसारनाशक कण्हेर अशा अर्थाचें जें लॅटिन नांव दिलें, तें वस्तुतः सिंहलद्वीपांतील एका निराळ्या झुडपाचें होतें. परंतु पुष्कळ काळ तें आपल्या कुटजालाच चिकटून राहिलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं रॉबर्ट ब्राउन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें राइटिया व होलॅऱ्हीना अशा दोन जाती वेगळ्या केल्या. विल्यम राइट ह्या स्कॉटिश वैद्याच्या नांवावरून काळ्या कुड्याची जाति राइटिया झाली, आणि पांढरा कुडा होलॅऱ्हीनांत गेला. आज त्याचें मान्य नांव होलॅऱ्हीना प्युबेसेन्स असें आहे. जुन्या ग्रंथांत तो होलॅऱ्हीना अँटिडिसेंटेरिका म्हणून आढळतो.

आतां सालीच्या आंत शिरूं. अफूपासून मॉर्फीन हें द्रव्य एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सर्ट्युर्नर ह्या जर्मन औषधविक्याच्या सहाय्यकानें निराळें काढलें. १८२० सालीं पॅरिसमध्यें पेलेत्ये व काव्हांतू ह्यांनीं सिंकोना सालींतून क्विनीन काढलें. वनस्पतीचा गुण तिच्यांतील कांहीं ठराविक द्रव्यांत असतो, आणि तीं द्रव्यें शुद्ध रूपांत बाटलींत भरतां येतात, ही कल्पना तेव्हांपासून रूढ झाली. क्षारधर्मी, नत्रयुक्त अशा ह्या द्रव्यवर्गाला अल्कलॉइड म्हणतात. आमच्या प्रांताला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही कीं, कुड्याच्या सालींतील अल्कलॉइड प्रथम मुंबईंतच हातीं आलें. १८५८ सालीं मुंबईच्या डॉक्टर हेन्स ह्यांनीं तें शोधिलें. कोनेसी सालीवरून पुढें त्यास 'कोनेसीन' हें नांव पडलें. १८६४ सालीं स्टेनहाउस ह्यांनीं कुड्याच्या बियांतून तेंच द्रव्य काढलें, आणि त्यास नांव दिलें 'राइटीन'! म्हणजे झाडाच्या नांवाचा घोटाळा द्रव्याच्या नांवांतही उतरला. झाड ओळखण्यांत झालेली चूक रसायनशाळेच्या दारापाशीं थांबत नाहीं, ती आंत येते, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आमच्या वर्गानें दोन्ही सालींची परीक्षा कशी केली तें आतां सांगतों. प्रथम सोपी रीत घेतली. दोन्ही साली वाळवून, निरनिराळ्या खलांत कुटून, प्रत्येकीची पूड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लांत ऊन केली व गाळली. मग वॅग्नरचें द्रव तयार केलें : पोटॅशियम आयोडाइड २ ग्रॅम, आयोडीन १.२७ ग्रॅम, आणि एकंदर १०० घन सेंटिमीटर होईल इतकें पाणी. अल्कलॉइड असलेल्या आम्ल द्रवांत ह्याचे थेंब टाकिले असतां तांबूस-तपकिरी साका पडतो. आम्हीं थेंब टाकिले, आणि दोन्ही नळ्यांत रंग काळपट झाला. मुलांनीं लगेच निकाल दिला : "दोन्ही सारख्याच!"

निकाल चुकीचा होता. सालींत पिष्ट असतें, आणि आयोडीन व पिष्ट ह्यांच्या मेळानें निळा-काळा रंग येतो, हें हीं मुलें बटाट्यावर प्रयोग करून पूर्वीं शिकलीं होतीं. पण शिकलेलें योग्य वेळीं आठवलें नाहीं. आपण अल्कलॉइडला प्रश्न विचारला, आणि उत्तर दिलें पिष्टानें. म्हणून प्रश्न विचारण्यापूर्वीं अल्कलॉइडास इतर द्रव्यांच्या गर्दींतून बाहेर काढणें अवश्य होतें.

त्याची युक्ति अशी. झाडांत अल्कलॉइड बहुधा आम्लाशीं संयोग पावलेल्या लवणाच्या रूपांत असतें. पुडीला अमोनियाचें सौम्य पाणी लाविलें कीं अल्कलॉइड सुटें होतें. सुटें अल्कलॉइड पाण्यांत फारसें विरघळत नाहीं, क्लोरोफॉर्ममध्यें विरघळतें. पिष्ट मात्र पुडींतच राहतें. क्लोरोफॉर्म गाळून त्यांत सौम्य आम्ल घालून हालविलें, म्हणजे अल्कलॉइड पुन्हां लवण बनून पाण्यांत उतरतें, आणि तेलकट व रंगीत द्रव्यें क्लोरोफॉर्ममध्यें मागें राहतात. एकदां पाण्यांतून क्लोरोफॉर्मकडे, एकदां क्लोरोफॉर्ममधून पाण्याकडे, अशा दोन फेऱ्यांत पुष्कळशी भेसळ गळून पडते. क्लोरोफॉर्मची वाफ घातक असल्यामुळें हा भाग शिक्षकांनींच हवेशीर जागीं केला. विद्यार्थ्यांनीं तो घरीं करूं नये.

ह्यानंतर तेच थेंब पुन्हां टाकिले. पांढऱ्या कुड्याच्या नळींत दाट तपकिरी साका पडला; काळ्याच्या नळींत द्रव किंचित् गढूळ झाला, इतकेंच. नुसतें आम्ल घातलेल्या तिसऱ्या नळींत कांहींच झालें नाहीं. ही तिसरी नळी कशासाठीं, असें एका मुलीनें विचारलें. उत्तर असें कीं, जेथें कांहीं नसावें तेथें खरोखरच कांहीं नाहीं, ह्याची खात्री करून घेतल्याशिवाय दुसरीकडे दिसलेल्या गोष्टीस अर्थ येत नाहीं.

मग कोनेसीन सांपडलें म्हणावें काय? नाहीं. एवढ्यावरून फार तर 'ह्या सालींत अल्कलॉइड वर्गांतील द्रव्य पुष्कळ दिसतें' असें म्हणतां येईल. अशी परीक्षा वर्ग सांगते, व्यक्ति सांगत नाहीं. 'सभेंत कोणी वकील आहे' असें कळल्यानें वकिलाचें नांव कळत नाहीं. शिवाय आम्हीं एकेका झाडाचीच साल तपासली. तेवढ्यावरून सर्व झाडांविषयीं विधान करणें हें धाडस होईल.

नांव कळण्यास पुढच्या पायऱ्या चढाव्या लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्स्वेत ह्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानें पानांतील रंगद्रव्यें खडूच्या भुकटीच्या स्तंभांतून गाळून निराळीं केलीं. त्याच तत्त्वावर आज सिलिकाच्या पातळ थरावर अर्काचा ठिपका ठेवितात व खालून द्रावक चढूं देतात. प्रत्येक द्रव्य आपापल्या गतीनें वर जातें व निरनिराळ्या उंचीवर थांबतें. शेजारीं शुद्ध कोनेसीनचा ठिपका ठेविला, आणि सालींतील एक ठिपका त्याच्याच उंचीस थांबून त्याच रंगाचा झाला, तर ओळख बरीच दृढ होते. शेवटचा पुरावा रेणूच्या वजनाचा व रचनेचा. कोनेसीनच्या रेणूंत कार्बनचे २४, हायड्रोजनचे ४० व नायट्रोजनचे २ अणु असतात. विद्यार्थ्यांनीं वहींत बेरीज करून पाहावी : २४ गुणिलें १२, अधिक ४०, अधिक २ गुणिलें १४, म्हणजे ३५६. द्रव्यमान मोजणाऱ्या यंत्रावर हाच आंकडा यावयास पाहिजे. आणि अणूंची मांडणी चुंबकीय अनुस्पंदनाच्या यंत्रानें ताडून पाहतात. अशीं यंत्रें शाळेंत नसतात, पण त्यांमागचा विचार शाळेंतल्या तीन नळ्यांतलाच आहे.

कोनेसीन सांपडलें म्हणून कुड्याची कथा संपली नाहीं. १९३२ सालीं सलीमुझ्झमान सिद्दीकी व पी. पी. पिल्लै ह्यांनीं ह्या सालींतील इतर अल्कलॉइडांचें संशोधन प्रसिद्ध केलें. पुढें शोध वाढत गेला, आणि आज ह्या झाडांत तीसहून अधिक अल्कलॉइडें ज्ञात आहेत. त्यांचा सांगाडा स्टेरॉइडांच्या घराण्यांतला आहे. कलकत्त्यास कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत आंवेच्या रोग्यांवर कुड्याच्या औषधांचे प्रयोग केले, आणि अमीबाजन्य आंवेंत त्यांचा उपयोग होतो असें दाखविलें. त्या काळीं ह्या रोगावर एमेटीनच्या सुया टोंचीत. त्या हृदयास अपायकारक असत, म्हणून कुड्याकडे आशेनें पाहिलें जाई.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शुद्ध कोनेसीन मोठ्या मात्रेनें दिलें असतां कांहीं रोग्यांस निद्रानाश, चक्कर व मनाची अस्वस्थता होऊं लागली. १९६० च्या सुमारास मेट्रोनिडाझोल हें औषध आलें आणि अमीबाच्या आंवेवर तेंच प्रमुख ठरलें. कुटजारिष्ट व कुटजघनवटी हीं आयुर्वेदीय औषधें आजही वैद्य देतात. परंतु सालीचा काढा आणि बाटलींतील शुद्ध द्रव्य ह्या दोन वस्तु एक नव्हेत, हें त्या अनुभवानें शिकविलें. द्रव्याचें नांव कळणें ही ज्ञानाची एक पायरी. त्याची मात्रा, त्याचा गुण व त्याचा अपाय कळणें ह्या पुढच्या पायऱ्या. पहिलीवर उभें राहून शेवटचीची भाषा बोलणें शास्त्रास शोभत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं लहान भावंडें आहेत, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवितों. जुलाबांत मूल बहुधा दगावतें तें शरीरांतील पाणी व क्षार गेल्यामुळें. म्हणून पहिला उपाय क्षारसंजीवनीची पुडी सांगितलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यांत विरघळवून घोटघोट पाजणें हा होय. शौचांत रक्त दिसलें, मूल मलूल झालें, डोळे खोल गेले, किंवा पाणी पोटांत ठरेना, तर काढा उकळण्याची वाट न पाहतां डॉक्टरांकडे न्यावें. ह्यांत आजीच्या ज्ञानाचा अनादर नाहीं. कुडा कोणता हें जिला अचूक कळतें ती आजी, रोग हाताबाहेर चालल्याचेंही प्रथम ओळखते.

शेवटीं झाडाविषयीं दोन शब्द. साल औषधी आहे म्हणून बुंध्याभोंवतालची सर्व साल सोलून काढतात; तसें केलें कीं पानांत तयार झालेलें अन्न मुळांस पोहोंचत नाहीं व झाड मरतें. जें झाड ओळखावयास आपण इतके श्रम घेतले, तें आपल्याच हातानें मारणें योग्य नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, येत्या वैशाखांत सड्यावर फिरावयास जाल तेव्हां कुड्याखालीं थांबा. एक फूल उचला. मध्यें झालर आहे कीं नाहीं तें पाहा. शेंगांचीं टोकें मोकळीं आहेत कीं जुळलेलीं तें पाहा. वाळलेलें पान वहींत ठेवा व तें काळें पडतें काय तें आठवड्यानें पाहा. जें पाहिलें तेंच तारीख व ठिकाण घालून लिहा; जें पाहिलें नाहीं तें लिहूं नका. आणि घरीं कोणी म्हणेल, "हा कुडा," तर नम्रपणें पुढचा प्रश्न विचारा : "आजी, पांढरा कीं काळा?" जेथें हा प्रश्न विचारावयाचा राहिला, तेथें चांगलें औषध वायां गेलें.